मास्तरासाठी टाकलेला शब्द

दर ईस्टरच्या आधी फादर कॉन्रॉय कबुलीच्या जाळीपलीकडून विचारायचे, "ब्रायडी, अजून तेच का?"

"तेच, फादर."

"अगं, देवाने स्वतःला खिळे ठोकणाऱ्यांनाही माफ केलं."

"देवाला धाकटा भाऊ नव्हता, फादर. असता आणि त्याला डेव्हनी मास्तराने शाळेतून हाकलला असता, म्हणजे मग बघितली असती माफी."

फादर खोकल्याचं निमित्त करून हसू दाबायचे आणि प्रायश्चित्त म्हणून जपमाळेचे आणखी फेरे लावायचे. ब्रायडी किनान ते फेरे मुकाट ओढायची आणि राग होता तसाच घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरायची. थॉर्नबरी बंदराच्या खालच्या बाजूला हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला वारशात घर मिळतं, कुणाला आजोबांचं घड्याळ. ब्रायडीला राग मिळाला होता आणि तिने तो लोणच्यासारखा मुरवला होता.

थॉर्नबरीत टेकडी म्हणजे शाळा. तशी टेकडीवर न्यायकचेरी आहे, वरच्या लोकांची पांढरी घरं आहेत, पण "अमक्याचा पोरगा टेकडीवर लागला" म्हटलं की तो त्या जुन्या लॅटिन शाळेत लागला, दुसरा अर्थच नाही. गाव वसायच्या आधी शाळा उभी राहिली, असं वरचे लोक नाक वर करून सांगतात. शाळा सरकारी, फी नाही, पण आत शिरायची परीक्षा अशी की भल्याभल्यांना घाम फुटावा. शिरलात की सहा वर्षं लॅटिन, पुढे पुढे जोडीला ग्रीक, आणि पाठ केलेलं भाषण सगळ्या वर्गापुढे उंच ओट्यावर उभं राहून म्हणायचं. अडखळलात की खाली. निम्मी पोरं मध्येच गळायची आणि शाळेला त्याचाच अभिमान! आमच्या खालच्या बाजूच्या आयरिश गोदी कामगारांच्या गल्लीतला एखादा पोरगा वर लागला, तर त्याच्या आईला ओवाळायचंच काय ते बाकी राहायचं.

कॉलम किनान लागला त्या वर्षी ब्रायडीने जोड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. ती त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी. बाप बोटीवर गेला तो परत आलाच नव्हता, आई लोकांच्या घरच्या फरशा घासायची. घरात एकच डोकं पुस्तकात राहू शकत होतं, तर ते कॉलमचं राहू दे, असं ब्रायडीने स्वतःच ठरवलं. जोड्यांच्या तळव्यांना डिंक लावून लावून तिची बोटं चिकटायची. संध्याकाळी घरी यावं तर कॉलम चुलीपुढे उभा राहून लॅटिन भाषण घोकत असायचा. आईला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी ती हात पुसून खुर्चीत बसायची आणि शेवटी "वा रे माझ्या पोरा" म्हणायची. ब्रायडी वरवर चिडवायची, "पोपशी गप्पा मारून झाल्या असतील तर कोळसे आण." पण पोरगं बोलायला लागलं की तिच्याही अंगावर काटा यायचा. तो वर चढणार होता आणि तिच्या बोटांवरचा डिंक वाया जाणार नव्हता.

ऑगस्टीन डेव्हनी टेकडीवर लॅटिन शिकवायचा. तो आमच्यातलाच, मासेवालीचा पोरगा. स्वतःच्या हिमतीवर टेकडी चढला, शिकला आणि तिथेच मास्तर झाला. तेव्हा खालच्या बाजूचा तो एकटाच मास्तर होता. आपल्यातला माणूस वर बसला म्हणजे आपल्या पोरांना हात देईल असं वाटावं की नाही? छे! हा आमच्या पोरांना जास्त झोडायचा. त्याचं एक सोवळं होतं. आमच्या बाजूला सगळी कामं शब्द टाकून होतात. गोदीत लागायचं, पोलिसात भरती व्हायचं, म्हातारीला इस्पितळात खाट मिळवायची, तर वॉर्डाचा पुढारी मार्टी स्कॅनलन शब्द टाकतो आणि काम होतं. यात कुणाला लाज नाही. वरच्या लोकांचे काका-मामा बँकेत असतात, आमचा मार्टी असतो. डेव्हनी मास्तराला मात्र या शब्दाचा विटाळ. त्याने वर्गात जाहीरच केलं होतं, "ज्याच्यासाठी बाहेरून शब्द येईल, तो मुलगा दुसऱ्या दिवशी इथे दिसणार नाही."

आता हे पोरांना माहीत होतं, आयांना कुठे माहीत!

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात कॉलमची छाती भरली. पोरगं अंथरुणाला खिळलं आणि ग्रीकमध्ये मागे पडलं. उन्हाळ्यापर्यंत त्याने ते भरूनही काढलं असतं, पण आई घाबरली. मागे पडलेल्यांना काढतात एवढंच तिच्या कानावर होतं. तिने मनुकांचा पाव भाजला, फडक्यात बांधला आणि दोघांनाही न सांगता मार्टीचं दार गाठलं. मार्टी तेव्हा तरुण, नवा नवा पुढारी, कुणाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर त्याने पायऱ्यांवर टोपी काढून डेव्हनीला गाठलं. "मास्तर, त्या किनानच्या पोराकडे जरा बघा हं. आजारी होता बिचारा." एवढंच. आई लांबून बघत होती. घरी येऊन तिने पहिल्यांदा मनसोक्त चहा प्यायला.

सोमवारी डेव्हनीने कॉलमला ओट्यावर बोलावलं. पोराला वाटलं भाषण म्हणायचंय, तो ताठ उभा राहिला.

"किनान, तुझ्यासाठी शब्द टाकला गेलाय," मास्तर म्हणाला. "ज्याच्यासाठी शब्द टाकावा लागतो तो इथला नाही. पुस्तकं गोळा कर."

सगळा वर्ग बघत होता. कॉलमने बाकाखालून एकेक पुस्तक काढून मास्तराच्या टेबलावर ठेवलं, कारण ती शाळेची होती, आणि हात हलवत घरी आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या हातात गोणी ओढायचा लोखंडी आकडा होता.

आई पुढचा एक हिवाळा जगली. "मीच मेलीने माती केली पोराची, मला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" हे एकच पालुपद. तापात बडबडली तेही हेच. ब्रायडीने तिचे डोळे मिटले आणि तिथल्या तिथे ठरवलं की या मास्तराला सोडायचं नाही. कसं, कधी, काही माहीत नव्हतं. ज्या तराजूत त्याने माझ्या भावाला तोलला, त्याच तराजूत मी त्याला बसवीन, एवढंच तिने मनाशी म्हटलं.

वर्षं गेली. ब्रायडीने कारखाना सोडून गोदी कामगारांसाठी खाणावळ घातली, वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या. लग्नाचं विचारायला एक सुतार आला होता, चांगला होता हो, पण "भाऊ माझ्याबरोबर राहील" म्हटल्यावर त्याने टोपी घातली. ब्रायडीने त्याचंही दुःख केलं नाही. तिची जीभ तिखट आणि हॅम-कोबी चविष्ट. तिच्या टेबलावर जेवलेला माणूस मत कुणाला देणार हे सांगायची गरजच नव्हती. गल्लीतल्या बायकांची मतं तर तिने मुठीत ठेवली होती. मार्टी स्कॅनलन म्हातारा झाला, सुटला, पण निवडणुकीच्या सकाळी टोपी काढून पहिला तिच्याच दारात यायचा. त्या बदल्यात तिने कधी काही मागितलं नाही. ती थांबली होती.

कॉलमचं म्हणाल, तर गोणी वाहून वाहून त्याची पाठ कामातून गेली. चाळिशीत माणूस साठीचा दिसायला लागला. तरी दर शनिवारी फिनर्टीच्या गुत्त्यात तो ऐटीत बसायचा आणि कुणी वशिल्याचा विषय काढला की बोट वर करायचा.

"मार्टीचा शब्द पोलिसात चालतो, गोदीत चालतो, चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागासुद्धा मिळवून देतो. टेकडीवर? टेकडीवर नाही चालत! मी स्वतः भोगलंय. राजाचा पोरगा असता तरी डेव्हनी मास्तराने काढला असता. नियम म्हणजे नियम."

लोक माना डोलवायचे, कुणीतरी त्याच्यापुढे ग्लास सरकवायचं. टेकडीवरून आपल्याला काढलं हे तो असं सांगायचा, जसं दुसरा एखादा लढाईत लागलेली गोळी दाखवतो. हे ब्रायडीच्या कानावर आलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"ज्याने लाथ मारली त्याचीच आरती करतोस होय रे? लाज नाही वाटत?"

"लाथ नव्हती गं ती, नियम होता," कॉलम शांतपणे म्हणायचा आणि बटाटे सोलायला घ्यायचा. त्याच्याशी भांडण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

महायुद्ध संपलं, पोरं परत आली आणि पुढच्या वर्षी जकातीच्या गोदामावरचा म्हातारा रखवालदार निवृत्त व्हायला निघाला. ब्रायडीने इतक्या वर्षांत मार्टीकडे पहिल्यांदा तोंड उघडलं. ती जागा कॉलमला हवी होती. खुर्ची, शेगडी, ओझं उचलायचं नाही आणि महिन्याला ठरलेला पगार. "झालीच समज," मार्टी म्हणाला. कॉलमने तर कुठून तरी जुनं लॅटिन पुस्तक पैदा केलं, तिथे बसून वाचायला. इतक्या वर्षांत तो असा हसताना ब्रायडीने बघितला नव्हता.

आणि नेमकं त्याच महिन्यात टेकडीवरच्या मुख्याध्यापकाने राजीनामा दिला.

डेव्हनी आता साठीला आलेला. ही खुर्ची त्याला किती हवी होती ते आंधळ्यालाही दिसलं असतं. आजवर खालच्या बाजूचा एकही माणूस त्या खुर्चीत बसला नव्हता. आधी दोनदा ती त्याच्या समोरून गेली होती, दोन्ही वेळा वरच्या कुणाच्या तरी भाच्याकडे. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर तो फादर कॉन्रॉयना सांगत होता आणि ब्रायडी मागेच शाल नीट करत उभी होती.

"मी कुणाच्या दारात गेलो नाही, फादर. जाणारही नाही. गुण बघून दिली तर घेईन."

ब्रायडी घरी गेलीच नाही. ती थेट मार्टीच्या कचेरीत जाऊन बसली. मार्टीने तिचा चेहरा बघून खुर्चीतच अंग सावरलं.

"डेव्हनीचं ना? कळलं. पाडू या," तो म्हणाला. "शाळा समितीत आपले दोघे, वरच्यांचे दोघे, आणि मधला तो व्हिपल. फार काही करायलाच नको, गप्प बसलो तरी पडतो तो. इतकी वर्षं थांबलीस, घे तुझा सूड फुकटात."

"पाडायचा नाही," ब्रायडी म्हणाली. "निवडून आणायचा."

मार्टीच्या तोंडातली चिरूट तशीच राहिली. "डोकं फिरलं का तुझं?"

"पाडला तर तो म्हणेल, मी नियमाला जपलं म्हणून हरलो. मरेपर्यंत ताठ मानेने हिंडेल. नको. त्याला खुर्ची मिळू दे, तुझ्या शब्दाने मिळू दे, आणि मग मी जाऊन त्याच्या तोंडावर सांगणार. ज्याच्यासाठी शब्द टाकला तो इथला नाही ना? मग उठ म्हणावं. पुस्तकं गोळा कर म्हणावं."

मार्टीने चिरूट खाली ठेवली. "पोलिसात का नाही गेलीस गं तू?" मग तो गंभीर झाला. "एक सांगतो, नीट ऐक. व्हिपल असातसा वळणारा नाही. त्याला त्याच्या ड्रायव्हरच्या मेव्हण्याची सोय लावायचीय. जकातीची जागा मागत होता माझ्याकडे. मी तुझ्यासाठी धरून ठेवली होती. एक तर कॉलम त्या शेगडीपाशी बसेल, नाहीतर डेव्हनी त्या खुर्चीत बसेल. दोन्ही माझ्याच्याने व्हायचं नाही."

ब्रायडीला कॉलमची सकाळ दिसली, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून उठणारा. हे खोटं नाही की तिला त्या क्षणी रडू आलं. पण लगेच तिला आई दिसली, तापात स्वतःलाच शिव्या घालणारी, आणि रडणं आलं तसं गेलं.

"डेव्हनी," ती म्हणाली.

"भावाच्या भाकरीवर मास्तर मोठा करतेस? आयजीच्या जिवावर बायजी उदार!"

"भावासाठीच करतेय! तू शब्द टाक, बाकी माझं मी बघते."

कॉलमला तिने सांगितलं की जागा हुकली, वरच्या कुणाचा तरी मेव्हणा आडवा आला. कॉलम "असू दे" म्हणाला आणि ते जुनं पुस्तक फळीवर ठेवून दिलं. संध्याकाळी ब्रायडीने त्याच्या ताटात हॅमचा मोठा तुकडा वाढला आणि त्याच्याकडे न बघता स्वैपाकघरात निघून गेली.

तीन विरुद्ध दोन मतांनी डेव्हनी मुख्याध्यापक झाला. खालची बाजू वेडी झाली. गल्लीत पताका लागल्या, मासेवालीचा पोरगा टेकडीच्या खुर्चीत! पदग्रहणाच्या दिवशी सगळ्यांसाठी सभागृह उघडं होतं. ब्रायडी चांगली टोपी घालून मागच्या बाकावर बसली. डेव्हनीने आधी लॅटिनमध्ये भाषण केलं, मग आपल्या भाषेत.

"या खुर्चीसाठी मी कुणाच्या दारात गेलो नाही," तो म्हणाला, "आणि माझ्यासाठीही कुणी गेलं नाही. या शाळेत माणूस फक्त स्वतःच्या पायांनी येतो."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या ब्रायडीने वाजवल्या. शेजारच्या बाईला वाटलं, बाई भावनाविवश झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती त्याच्या खोलीत गेली. डेव्हनी एकटाच होता. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"आपण?"

"ब्रायडी किनान. कॉलम किनानची बहीण."

नाव ऐकून त्याचा हात टेबलावर थांबला. ब्रायडीने बसायला सांगायची वाट बघितली नाही. खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. मार्टी, व्हिपल, ड्रायव्हरचा मेव्हणा, जकातीची जागा, काहीच ठेवलं नाही. आवाज चढवला नाही. इतकी वर्षं तिने हे इतक्यांदा मनात म्हटलं होतं की आता ते पाठ केलेल्या भाषणासारखं सरळ बाहेर आलं.

"तर मास्तर, तुमच्यासाठी शब्द टाकला गेलाय," ती शेवटी म्हणाली. "तो मी टाकलाय."

डेव्हनीचा चेहरा पांढरा पडला. ब्रायडीला वाटलं, आता हा उठणार. तो उठलाही. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, ते त्याने जाऊन नीट लावलं आणि परत येऊन बसला.

"आणखी कोणाकोणाला माहीत आहे?" त्याने हळूच विचारलं.

ब्रायडीने कितीतरी उत्तरं मनात धरली होती. तो ओरडेल, खोटं म्हणेल, राजीनामा लिहील, तिच्या अंगावर धावून येईल. हे तिने कधी धरलंच नव्हतं. तिला हसायला यायला लागलं.

"मला, मार्टीला, व्हिपलला. आणि मी सांगेन त्याला."

"तुम्हाला काय हवंय?"

"मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"तुम्ही पुस्तकं गोळा करताना."

खिडकीतून पोरांचा खेळण्याचा आवाज येत होता. मग डेव्हनी टेबलाकडे बघत म्हणाला, "कॉलम किनान त्या वर्गातला सगळ्यात चांगला मुलगा होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं तर. म्हणूनच. ढ मुलाला काढला असता तर नियम कुणाला दिसला असता? त्याला काढला, आणि त्यानंतर या शाळेत एकही शब्द आला नाही."

"अस्सं! मग आता आलाय ना शब्द? मग उठा!"

"माझी थोडीच वर्षं राहिलीत, बाई. या खुर्चीत बसून मी खालच्या मुलांसाठी बरंच काही करू शकतो." त्याने घसा खाकरला. त्याची मान, जी उभ्या गावाने कधी वाकलेली बघितली नव्हती, ती वाकली. "तुमच्या ओळखीत कुणी मुलगा असेल, पुढच्या परीक्षेला बसणारा... तर नाव सांगून ठेवा. मी बघीन."

मी बघीन! डेव्हनी मास्तर म्हणतो, मी बघीन! ब्रायडी खुर्चीतून उठली आणि खळखळून हसली. तिला वाटलं, आई, बघ गं. मास्तराचं सगळं सोवळं तिच्या पायाशी गळून पडलं होतं.

"आता तुम्ही आमच्यातले झालात, मास्तर," ती म्हणाली. "सावकाश बसा. चांगली ऊबदार आहे खुर्ची. मार्टीला भेटलात तर टोपी काढत जा."

टेकडी उतरताना तिला पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. समोरून येणाऱ्या दूधवाल्यालाही तिने हाक मारून नमस्कार केला. सूड गोड नसतो असं फादर सांगतात ना? फादरनी कधी चाखलाच नाही. इतका गोड होता की तो एकटीच्याने खाववेना. आणि कुणाला द्यायचा? ज्याच्यासाठी घेतला त्यालाच.

कॉलम स्वैपाकघरात टेबलाशी उभा राहून बटाटे सोलत होता. बसलं की परत उठताना त्याची पाठ दुखायची. ब्रायडीने टोपीची पिनही काढली नाही.

"टाक तो बटाटा! ऐक आधी. आज मी तुझा हिशेब चुकता करून आले."

आणि तिने सगळं सांगितलं. मास्तराचं बोलणं मास्तराच्या आवाजात, मार्टीचं मार्टीच्या. दार कसं लावलं ते उठून दाराशी जाऊन दाखवलं. "मी बघीन" म्हणताना मान कशी खाली घातली तेही करून दाखवलं. भरात ती जकातीच्या जागेचंही बोलून गेली आणि मग जीभ चावली.

"त्या जागेच्या बदल्यात झालं हे. तुला सांगणार होते मी. रागावलास?"

"जागेचं जाऊ दे," कॉलम म्हणाला. त्याच्या हातातली सुरी थांबली होती. "त्याला कळलं ना, शब्द टाकला होता ते? नीट कळलं?"

"मी स्वतः सांगितलं तोंडावर! पांढराफटक पडला मेला."

"मग सोडली ना खुर्ची त्याने?"

"सोडतोय कसला! घट्ट धरून बसलाय. उलट मलाच विचारतो, कुणी पोरगा आहे का ओळखीचा. अरे, हस ना रे जरा! इतकी वर्षं टेकडीचा नियम, टेकडीचा नियम म्हणून डोकं खाल्लंस माझं. बघितलास नियम? तुझा तो डेव्हनी..."

कॉलम हसला नाही. त्याने सुरी टेबलावर ठेवली आणि ओले हात सदऱ्याला पुसले, सावकाश, एकेक बोट. ब्रायडी बोलता बोलता थांबली. त्याचा चेहरा चौदा वर्षांच्या पोराचा झाला होता. त्या सोमवारी हात हलवत दारात येऊन उभा राहिला होता तेव्हासुद्धा तो असा दिसला नव्हता.

"मग ब्रायडी," त्याने विचारलं, "मला का काढलं गं?"

कॉलम तिच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत उभा राहिला.